सात पावलांवरची गैरहजेरी

कचेरीच्या त्या लांबट खोलीत टेबलं दोन होती आणि साहेब एक.

खिडकीपाशी रस्त्याचं टेबल. कुठला रस्ता किती रुंद करायचा, त्यासाठी कुणाची किती जागा घ्यायची, हे तिथे ठरायचं. आतल्या भिंतीपाशी सुनावणीचं टेबल. ज्यांची जागा जायची त्यांनी हरकत घेतली, तर ती तिथे ऐकली जायची. पूर्वी दोन टेबलांना दोन साहेब होते. सुनावणीचे साहेब चौदा महिन्यांपूर्वी निवृत्त झाले, हार घालून घेऊन घरी गेले, आणि 'नवीन नेमणूक होईपर्यंत' त्यांचा कार्यभार रस्त्याच्या साहेबांच्या गळ्यात पडला. म्हणजे जागा घ्यावी असं सुचवणारेही हेच आणि घ्यावी की नाही ते ठरवणारेही हेच. दुसरा कोणी असता तर एकाच खुर्चीत रेलून डाव्या हाताने सुचवून, उजव्या हाताने मंजूर करून मोकळा झाला असता.

आपले साहेब तसले नव्हते. त्यांच्यात खोट काढायचीच झाली तर ती उलटी निघायची. ते गरजेपेक्षा जास्त सरळ होते.

पद वेगळं आणि पदावरचा माणूस वेगळा, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. रस्त्याच्या टेबलावर ते निळ्या शाईने लिहीत, सुनावणीच्या टेबलावर काळ्या. शिक्के दोन, रोजनिशा दोन, खुर्चीच्या पाठीवरचे टॉवेलही दोन. दुपारी तीनच्या ठोक्याला ते निळं पेन बंद करत, चष्मा काढून पुसत, सात पावलं चालत आणि सुनावणीच्या खुर्चीत असे बसत, की जणू आत्ताच बदलीवर आले आहेत. एका टेबलाचं दुसऱ्या टेबलाशी काही काम असलं तर रीतसर पत्र जायचं. आवक क्रमांक पडायचा, उत्तर यायचं. एकदा रस्त्याच्या टेबलाने सुनावणीच्या टेबलाकडे एक रिकामं कपाट मागितलं. सुनावणीच्या टेबलाने 'सध्या देता येत नाही' असं कळवलं. त्या संध्याकाळी साहेब जरा घुश्शातच घरी गेले, असं शिपाईमामा सगळ्यांना रंगवून सांगत.

कचेरीत त्यांना मागून 'दुटेबली' म्हणत. साहेबांना ते ठाऊक होतं आणि, खरं सांगायचं तर, थोडं आवडायचंही.

त्या मंगळवारी सकाळी साडेदहाला बाइंडरबाई आल्या. कचेरीची जाडजूड रजिस्टरं गेली अकरा वर्षं त्याच बांधून देत. दर महिन्या-दीड महिन्याने डोक्यावर गठ्ठा घेऊन यायच्या, रस्त्याच्या टेबलासमोरच्या बाकावर टेकायच्या आणि साहेबांना सवड झाली की नग मोजून द्यायच्या. त्या दिवशी गठ्ठा नव्हता, हातात एक कापडी पिशवी तेवढी होती. अंगावर ठेवणीतले कपडे होते. साहेबांच्या नजरेला हे पडलं, पण नजरेला पडलेलं सगळंच डोक्यापर्यंत पोचतं असं नाही.

"आलेय हं मी, साहेब."

"बसा, बसा. तुमचं बघतो सावकाश," साहेब नकाशावरून मान न उचलता म्हणाले.

बाई बसल्या. बारा वाजता साहेबांनी मामांना त्यांच्यासाठी पाणी आणायला सांगितलं. एक वाजता स्वतःच्या चहाबरोबर त्यांनाही अर्धा कप पाठवला. दोनदा नजरानजर झाली, दोनदा साहेब हसले. तीन वाजता ते उठले, चष्मा पुसला, सात पावलं चालले आणि सुनावणीला बसले.

सुनावणीचा पुकारा नेहमीसारखा झाला. हरकतदार बाहेर व्हरांड्यात थांबतात, म्हणून मामा दारात उभे राहून, व्हरांड्याकडे तोंड करून नंबर पुकारत. "एकेचाळीस! एकेचाळीस हाजिर आहे का? एकेचाळीस!" तीनदा झालं. कोणी आलं नाही. भाऊसाहेबांनी, म्हणजे त्या टेबलाच्या कारकुनाने, कागदावर 'हरकतदार गैरहजर' असा शेरा मारला. साहेबांनी काळ्या शाईने खाली लिहिलं: 'हरकत फेटाळण्यात येते.' सही झाली, शिक्का बसला, जावक क्रमांक पडला. एकूण सव्वातीन मिनिटं.

साडेपाचला भाऊसाहेब कुलपं लावायला लागले, तशा बाई उठल्या.

"साहेब, माझं आज होणार नाही का? उद्या यायचं असेल तर सांगा. घरी सासूबाई एकट्या आहेत."

"तुमचं काय आहे? रजिस्टरं झाली?"

"रजिस्टरं कसली, साहेब! माझी सुनावणी." बाईंनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला.

साहेबांनी कागद उलगडला. दिनांक आजचा होता, वेळ बरोबर होती, क्रमांक सतरा. खाली निळ्या शाईत त्यांचीच सही. त्यांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेबांनी रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं, आणि त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं ते थांबलंच.

झालं होतं ते असं. हरकत आधी रस्त्याच्या टेबलावर आली, तिथे तिला सतरा क्रमांक मिळाला. मग ती रीतसर पत्राने सुनावणीच्या टेबलाकडे गेली, तिथे तिला एकेचाळीस मिळाला. तारीख कळवणारा कागद टपालातून धाडायचं काम रस्त्याच्या टेबलाकडे होतं, त्यामुळे त्याच्यावर सतरा. पुकारायची यादी सुनावणीची, त्यामुळे तिच्यावर एकेचाळीस. चौदा महिने हे असंच चाललं होतं आणि कोणाचं काही बिघडलं नव्हतं, कारण बाकीचे लोक बावरलेले येत आणि आल्या आल्या मामांना विचारत, "आम्ही कुठं थांबायचं?" बाइंडरबाईंना विचारायची गरजच पडली नाही. अकरा वर्षांचा त्यांचा बाक होता तो.

"म्हणजे ते एकेचाळीस मी?" बाईंनी विचारलं.

भाऊसाहेबांनी रजिस्टर मिटलं.

"मी वर आणखी मामांना म्हटलं, लोकांना वेळेची काही किंमतच नाही. साहेब बिचारे ताटकळलेत आणि हा एकेचाळीस कुठं उलथलाय कोण जाणे." त्या हसायला गेल्या, पण हसू अर्ध्यावरच थांबलं. "साहेब, मी तुमच्या नाकासमोर बसले होते. तुम्हीच बसा म्हणालात."

"बदलता येईल ना, भाऊसाहेब?" साहेबांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला.

"जावक पडलाय, साहेब. निकाल दिला की आपलं टेबल मोकळं. आपलाच निकाल आपल्याला फिरवता येत नाही. तुम्हीच शिकवलंय मला."

शिकवलं होतं खरं. आणि आता तो निकाल सकाळी रस्त्याच्या टेबलावर जाणार, तिथून आठ दिवसांची नोटीस निघणार, नववा दिवस उजाडला की बाईंचं दुकान आणि त्यामागची राहती खोली दोन्ही पाडली जाणार. सहा फूट बाय अकरा फूट जागा. त्यात एक दाबयंत्र, एक कटर, दोन बायका.

साहेबांची बायको शाळेत नागरिकशास्त्र शिकवायची. साहेब घरी आले तेव्हा ती जेवणाच्या टेबलावर नववीचे पेपर तपासत होती. त्यांना पाहताच म्हणाली, "अहो, ऐका हे. शासनाची तीन अंगं सांगा असा प्रश्न. एका पोरीने लिहिलंय, पहिलं अंग नाही म्हणतं, दुसरं उद्या या म्हणतं आणि तिसरं जेवायला गेलेलं असतं."

"मग? शून्य?"

"अर्धा मार्क दिला. निरीक्षणाचा." तिने वर पाहिलं. "तोंड का उतरलंय?"

साहेबांनी बूट न काढताच सगळं सांगितलं. बायकोने मधे एकदाही तोंड घातलं नाही, त्यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते त्यांच्या लक्षात आलं.

"म्हणजे ती तिथेच होती," शेवटी ती म्हणाली.

"होती."

"तुम्ही तिला पाहिलंत."

"रस्त्याच्या अधिकाऱ्याने पाहिलं."

बायकोने लाल पेनाला टोपण लावलं. "असं का? मग आता जेवायला कोणत्या अधिकाऱ्याला वाढू?"

"थट्टा करू नकोस गं. सुनावणी घेणाऱ्याने समोर आलेल्या कागदावरच ठरवायचं असतं. बाहेर पाहिलेलं, ऐकलेलं मनात आणायचं नसतं. नाहीतर उद्या एखादा उठेल आणि म्हणेल, या माणसाला मी बाजारात पाहिलाय, लबाड दिसतो, फेटाळा त्याचा अर्ज."

"हे बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली, आणि साहेबांना जरा धीर आला. तो तिने फार वेळ टिकू दिला नाही. "पण मग ज्याने पाहिलं त्याने काय करायचं असतं? त्याने साक्ष द्यायची असते. माझ्या नववीतल्या पोरींनाही सांगता येईल."

"साक्ष देणारा मी आणि ऐकणाराही मीच?"

"तेही नाही चालणार. आपल्याच भांडणात कुणी पंच होत नाही." ती उठून पानं घ्यायला लागली. "दोनातलं एक टेबल सोडावं लागेल तुम्हाला. कुठलं ते तुम्ही ठरवा. आणि बूट काढा आधी."

साहेब बूट काढायला वाकले ते बराच वेळ वाकूनच राहिले. बायकोला एक गोष्ट ठाऊक नव्हती, किंवा ठाऊक असून ती बोलली नव्हती. वरच्या साहेबांनी गेल्याच महिन्यात फोनवर सुचवलं होतं की सुनावणीचं पद आता कायमचं तुम्हालाच देऊन टाकू. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. रस्त्याचा अधिकारी म्हणून माणूस गेला तर लोक विसरतात. सुनावणीच्या अधिकाऱ्याचं नाव व्हरांड्यातल्या लाकडी फळीवर कोरतात. त्या फळीवर शेवटच्या नावाखाली किती जागा उरली आहे, हे साहेबांनी कुणाचं लक्ष नसताना वितीने मोजलं होतं.

बुधवारी सकाळी त्यांनी निळं पेन उघडलं आणि रस्त्याच्या टेबलावरून पत्र लिहिलं: हरकतदार बाई मंगळवारी सकाळी साडेदहापासून सायंकाळी साडेपाचपर्यंत खाली सही करणाऱ्याच्या टेबलासमोर हजर होत्या. त्यांना तिथे बसायला खाली सही करणाऱ्यानेच सांगितलं. त्यांना कळवलेला क्रमांक आणि पुकारलेला क्रमांक निराळे होते.

भाऊसाहेबांनी पत्र वाचलं आणि घाम पुसला. "साहेब, हे आवकला घ्यायचं? एकदा नोंद झाली की कुणालाही वाचता येतं. सही तुमची आहे, पण शेरा माझा आहे. माझ्या दोन पोरी लग्नाच्या आहेत."

"तुमचा शेरा बरोबरच आहे, भाऊसाहेब. नंबर पुकारला, कोणी आलं नाही, तुम्ही तसं लिहिलंत. चूक बसा म्हणणाऱ्याची आहे. आणि दोन नंबर देण्याची पद्धत चालू ठेवणाऱ्याची. तोही मीच. घ्या आवकला."

मग साहेब सात पावलं चालले, आणि सुनावणीच्या खुर्चीत बसून त्यांनी ते पत्र पहिल्यांदाच वाचत असल्यासारखं अथपासून इतिपर्यंत वाचलं. काळं पेन घेऊन वरच्या कचेरीला लिहिलं: या प्रकरणात खाली सही करणारा स्वतः साक्षीदार असल्यामुळे त्याला निकाल देता येणार नाही आणि दिलेला निकाल तपासताही येणार नाही. सुनावणी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावी. जागा मागणारा आणि हरकत ऐकणारा एकच असू नये, म्हणून हा अतिरिक्त कार्यभारही काढून घ्यावा.

शेवटचं वाक्य लिहायला त्यांना बाकीच्या सगळ्या पत्राइतका वेळ लागला.

दुपारीच वरच्या साहेबांचा फोन आला. "अहो, काय हे? चार फुटांच्या टपरीसाठी?"

"सहा बाय अकरा, साहेब."

"ते काहीही असो. तुम्हाला ते पद नको आहे का?"

साहेबांनी फोनची वायर बोटाला गुंडाळली. "हवं आहे, साहेब. फार हवं आहे. पण ते माझ्याकडे असलं की या बाईंचं ऐकायला कोणी उरत नाही."

पलीकडे मोठा सुस्कारा ऐकू आला. "बघतो," असं म्हणून फोन ठेवला गेला. सरकारी 'बघतो' दोन दिवसांचाही असतो आणि दोन वर्षांचाही. साहेबांनी तो शब्द स्वतः इतक्यांदा वापरला होता की त्याच्यावर विसंबणं त्यांना जमेना.

आणि नोटीस तर काढावीच लागणार होती. वरून स्थगिती येईपर्यंत निकाल तो निकाल. गुरुवारी साहेब मामांना घेऊन बाईंच्या दुकानावर गेले. नोटीस दारावर चिकटवायला एकटा शिपाई पुरतो. साहेब कधी जात नसत. आज त्यांना मामांना एकट्याला धाडवेना.

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. लोखंडी चाकाच्या दाबयंत्राखाली कुठल्याशा शाळेची हजेरीबुकं दाबून ठेवली होती. खळीच्या डब्यात ब्रश उभा होता. आतल्या अंगाला, झोपायच्या फळीवर, सासूबाई मांडीत पानांचा गठ्ठा घेऊन सुईने शिवत होत्या. दोऱ्याला मेण लावायची त्यांची लकब अशी, की बघणाऱ्याला वाटावं म्हातारी दोऱ्याला थोपटतेय.

"या, साहेब," बाई म्हणाल्या. "काय आणलंय ते दिसतंच आहे."

मामांनी नोटीस उलगडली, खिसे चाचपले, पिशवी चाचपली, आणि साहेबांच्या कानाशी लागले. "साहेब, खळ राहिली कचेरीत."

सासूबाईंचे कान शाबूत होते. "काय विसरलात? खळ? घ्या, आमचीच घ्या. घरही आमचंच पाडताय, खळ तरी बाहेरून कशाला?"

"आई, गप्प बसा हो."

"मी काय वाईट बोलले? पाहुण्याला नड पडली तर द्यायला नको?"

मामा कानकोंडे होऊन खळ लावायला लागले, आणि लावली ती नोटीस एका अंगाने खाली ओघळलेली. बाईंना ते बघवेना. त्यांनी कागद अलगद सोडवला, कडा सारख्या केल्या, हाडाच्या पट्टीने मधून बाहेरच्या बाजूला हवा काढत नेली आणि स्वतःच्याच दारावर नोटीस अशी बसवली, की एक सुरकुती दिसेना.

"वाकडं काही बघवत नाही मला," त्या म्हणाल्या. मग वाचू लागल्या. "साहेब, यात लिहिलंय की मालकी हक्काचा पुरावा नाही. बरोबर आहे, नाहीच. सासऱ्यांनी ही खोली उभी केली तेव्हा त्यांना इथे बसायला सांगितलं होतं छापखान्याच्या मालकाने. ते दोघेही गेले. आता आमचं काय आहे म्हणायचं?"

"त्याला भोगवटा म्हणतात. मालकी दुसऱ्याची असेल किंवा कुणाचीच सिद्ध होत नसेल, पण तुम्ही चाळीस वर्षं उघडपणे इथे राहताय, काम करताय. त्यालाही हक्क असतो. मालकीइतका मोठा नाही, पण असतो. ऐकून घेतल्याशिवाय काढून टाकता येत नाही."

"म्हणजे जागेचा राहिला बाजूला, ऐकून घेण्याचा हक्क मात्र नक्की माझा होता."

"होता," साहेब म्हणाले. "आहे."

बाईंनी रस्त्यापलीकडे बोट केलं. समोर धान्याच्या सरकारी गोदामाची लांबलचक भिंत होती, निम्मी पडकी, आत गवत माजलेलं. "मग ती कुणाची?"

"सरकारी मालमत्ता आहे."

"सरकार कुणाचं?"

"आता, तसं म्हटलं तर सगळ्यांचंच."

"मग त्यात माझीही वाटणी असेलच की! तुम्हाला हवी ती चार फूट माझ्या वाटणीतून रस्त्याला घ्या. बाकीच्या गोदामावर मी हक्क सांगत नाही, तेवढं लिहून देते."

सासूबाई आतून खुदकन हसल्या. मामाही हसले. साहेबांना हसता आलं नाही, कारण नकाशा त्यांनी काढला होता आणि या थट्टेचं उत्तर त्यांना माहीत होतं.

स्थगिती आली ती आठव्या दिवशी दुपारी. सोबत दुसऱ्या विभागातल्या एका अधिकारीबाईंची नेमणूक, आधी या प्रकरणापुरती, आणि पुढच्या महिन्यापासून त्या पदावर कायमची. साहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं. मग सुनावणीच्या टेबलाचा खण रिकामा करून काळं पेन, शिक्का आणि रोजनिशी भाऊसाहेबांच्या स्वाधीन केली, आणि टॉवेलही.

नव्या बाईसाहेब वयाने साहेबांच्या निम्म्या असाव्यात. आल्या आल्या त्यांनी दोन क्रमांकांची पद्धत बंद केली. पद्धत चालू कोणी ठेवली असं विचारलं तेव्हा साहेबांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. मग त्यांनी सगळ्यांना व्हरांड्यात थांबायला सांगितलं. सगळ्यांमध्ये साहेबही आले. चौदा महिने जिथे हरकतदार थांबत होते तिथे ते पहिल्यांदाच थांबले, आणि तिथे बसायला काहीच नाही हे त्यांना त्या दिवशी कळलं.

"पाय दुखतात हो साहेब इथे," बाइंडरबाई शेजारून म्हणाल्या. "मी त्या दिवशी आत बाकावर बसले ते एका परीने बरंच झालं."

"बाई, नका ना आता."

"अहो, गंमत केली. घाबरलात?"

"घाबरलोय," साहेब म्हणाले.

"मीही," बाई म्हणाल्या, आणि पिशवी छातीशी धरली.

आत गेल्यावर बाईसाहेबांनी साहेबांना विचारलं, "तुम्ही इथे कोण म्हणून आहात?"

"एक म्हणजे साक्षीदार. दुसरं म्हणजे रस्त्याचा अधिकारी."

"आधी साक्षीदार बोलू दे."

साक्षीदार बोलला. पाणी दिल्याचं, अर्धा कप चहा दिल्याचं, दोनदा हसल्याचंही त्याने सांगितलं. भाऊसाहेब सगळं उतरवून घेत होते. चहापाशी त्यांनी क्षणभर पेन थांबवलं आणि मग तेही लिहिलं. बाईसाहेबांनी जुना निकाल तिथल्या तिथे रद्द केला आणि बाईंचं म्हणणं ऐकायला घेतलं. बाई अर्धा तास बोलल्या. चाळीस वर्षांच्या वीजबिलांची त्यांनी आठ पुस्तकं बांधून आणली होती, कापडी पाठीची आणि वर सालांचे आकडे घातलेली. बाईसाहेब ती बराच वेळ चाळत राहिल्या. इतका नेटका पुरावा त्यांनी जन्मात पाहिला नसावा.

"आता रस्त्याच्या अधिकाऱ्यांनी सांगावं," त्या म्हणाल्या. "रस्त्याची हद्द बाईंच्या घरावरूनच का नेली?"

तयार उत्तर होतं. 'रेषा सरळ राहावी म्हणून.' फाइलमध्ये तसंच लिहिलेलं होतं, आणि ते वाचून कुणी कधी दुसरा प्रश्न विचारला नव्हता. बाइंडरबाई साहेबांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"समोर गोदामाची भिंत आहे," साहेब म्हणाले. "ती चार फूट मागे घेतली तर बाईंच्या घराला हात लावावा लागत नाही. रेषा तेव्हाही सरळच राहते. पण भिंत सरकारी आहे, तिच्यासाठी गोदाम खात्याची परवानगी लागते. मी त्यांना पत्र पाठवलं होतं. उत्तर आलं नाही."

"किती वेळा पाठवलं?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. ज्या माणसाने एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाला, म्हणजे स्वतःलाच, रीतसर पत्रं पाठवली होती, त्याने गोदाम खात्याला एकही स्मरणपत्र पाठवलं नव्हतं. "एकदा. बाईंना नोटीस काढायला कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून मग मी रेषा या बाजूला घेतली. ते सोपं होतं."

बाइंडरबाई साहेबांकडे बघत होत्या. त्या नजरेत राग होता, आणि रागामागून आणखी काहीतरी येऊ बघत होतं.

बाईसाहेबांनी निकाल लिहायला घेतला. रस्त्याची हद्द पंधरा दिवसांत पुन्हा मोजावी, गोदामाच्या भिंतीचा पर्याय आधी तपासावा, गोदाम खात्याचं उत्तर आल्याखेरीज बाईंच्या भोगवट्याला हात लावू नये. बाईंनी तो तिथेच मोठ्याने वाचून दाखवायला लावला, दोनदा. मग प्रत मागितली, आणि प्रतीवर शिक्का तिरका उमटलाय म्हणून दुसरी मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला साहेब मोजणीची फीत घेऊन रस्त्यावर उभे होते. मामांची पाठ धरली होती. फितीचं दुसरं टोक बाइंडरबाईंनी आपल्या उंबऱ्याला लावून धरलं. साहेब रस्ता ओलांडून भिंतीपर्यंत गेले. गोदामाचा पहारेकरी फाटकातून बाहेर आला आणि विचारू लागला, कुणाच्या परवानगीने?

"भिंतीला हात लावत नाही. रस्त्याचं अंतर मोजतोय," साहेब म्हणाले.

"मोजायलाही परवानगी लागते."

"मग तुम्ही मोजा. मी लिहून घेतो."

पहारेकऱ्याला ते पटलं. त्याने फीत धरली, वाकून आकडा सांगितला. छत्तीस फूट. रस्त्याला हवे होते चाळीस. साहेबांनी फाटकाच्या कट्ट्यावर कागद ठेवून गोदाम खात्याला तिथेच पत्र लिहिलं: रस्त्यासाठी आपल्या पडक्या भिंतीची चार फूट जागा आवश्यक आहे, परवानगी मिळावी, उत्तर आठ दिवसांत न आल्यास खाली सही करणारा स्वतः येऊन भेटेल.

सही करण्याआधी ते रस्ता ओलांडून परत आले आणि कागद बाईंच्या हातात दिला.

बाईंनी ओळीवरून बोट फिरवत सावकाश वाचलं. मग फितीचं आपलं टोक साहेबांच्या हाती दिलं, पहारेकऱ्याने धरलेल्या टोकापर्यंत चालत गेल्या, स्वतः वाकून आकडा बघून आल्या.

"छत्तीस आणि वर पाच इंच आहेत, साहेब. म्हणजे चार फूट लागत नाहीत. तीन फूट सात इंच पुरतात. जास्त कशाला मागायचं?"

साहेबांनी चार खोडलं आणि वर 'तीन फूट सात इंच' लिहिलं. खोडलेल्या जागी सही करावी लागते, तीही केली. आणि मग कागद पुन्हा बाईंपुढे धरला.